उन्हात ठेवलेला सेल

माय,

तुला माझी विमानं कधी आवडली न्हाईत असं आबा येईल त्या पाहुण्याला सांगतात. साफ खोटं आहे ते. विमानाचा पंख दोन बोटांवर तोलून "नाकाड हलकं झालंय गं ह्येचं" असं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं? तूच. मी आठ दिवस वहीत आकडेमोड करून जे काढलं होतं, ते तू भाकरी थापता थापता, पिठाचे हात पदराला पुसून, दोन बोटांत सांगून मोकळी झालीस. तेव्हा मला तुझा राग आला होता. तुझा राग मला फार लवकर यायचा, आणि त्या रागात मी तोंडाला येईल ते बोलायची. आज लिहायला बसलेय ते त्याच तोंडाबद्दल. त्या आगीबद्दल. आग कशानं लागली हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या सकाळी तू मला काय विचारलंस आणि मी काय बोलले, हे आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. तुला जाऊन आता बारा-तेरा वर्षं होत आली, म्हणजे ते एकट्या माझ्यापाशी उरलंय, आणि आता मला ते सांभाळवत नाही.

मी तेव्हा नांदेडला शिकायची. उन्हाळ्याच्या सुट्टीला तो लांबडा खोका घेऊन पालमच्या एस.टी.त चढले तर कंडक्टर म्हणाला, "ताई, सतार हाय का काय ह्यात?" मी म्हणाले, विमान आहे. सगळी गाडी हसली. घरी आल्यावर तू खोका उघडलास आणि म्हणालीस, "अगं बया, ह्ये तर टीव्हीच्या डब्यात येतंय ते!" थर्माकोलच होता म्हण, पण जरा चिवट, दाबला तर दबणारा फोम. तुझ्या दोन्ही हातांच्या कवेएवढा पंख, नाकावर छोटी मोटर, आणि मोटर थांबली की पाती मागं मिटून घेणारा पंखा. मी तुला सांगितलं की मोटरनं वर न्यायचं, मग मोटर बंद करायची, आणि पुढं सगळी हवेची मर्जी. हातातल्या रिमोटनं नुसतं वळवायचं. तू बराच वेळ ते बघितलंस आणि विचारलंस, "मंग उतरतं कवा?" मी म्हणाले, हवा सोडील तेव्हा. 

पण मला ते दुकानातून आलं तसं उडवायचं नव्हतं. कुठलीच वस्तू आहे तशी ठेवायची नाही, हा रोग मला आबांकडून आलाय. मूळची मोटर मरतुकडी होती, ती काढून मी जोरदार मोटर बसवली आणि तिच्यासाठी नवा सेल आणला. आपल्याकडं टॉर्चचा असो की विमानाचा, सगळा सेलच. हा मात्र वेगळा होता. साबणाच्या चपट्या वडीएवढा, रुपेरी पाकिटातला, मऊ, वजनाला हलका, लाल-काळ्या वायरींचा. ज्या सीनियर मुलीनं तो दिला तिनं मला बजावलं होतं, की हा पडला, दबला, फुगला तर घरात ठेवू नको. वाळूत पूर, नाहीतर मिठाच्या पाण्यात बुडव. तीनदा सांगितलं तिनं, आणि तिन्ही वेळा मी हो म्हणाले. सेल हलका, म्हणून नाक हलकं झालं, ते तुझ्या बोटांनी ओळखलं. मग तो पुढं सरकवण्यासाठी मी सायकलची तार तुझ्या चुलीत लाल करून नाकात खाच पाडली. घरभर घाण वास सुटला. "भाकरीला लागंल गं त्यो वास," म्हणत तू परात उचलून अंगणात गेलीस. सेल आता अगदी नाकाच्या टोकाशी बसला. म्हणजे विमान नाकावर पडलं की पहिला मार त्यालाच. एवढी साधी गोष्ट, आणि ती माझ्या शिकलेल्या डोक्यात आली नाही.

माळावर तूच मला घेऊन गेलीस. आबा मेंढरं घेऊन पलीकडच्या अंगाला होते. तू डोळ्यांवर हात धरून वर बघतेयस आणि मी रिमोट घेऊन उभी आहे. तू म्हणतेस, "ती घार बघ. पंख हलवीना. तितं हवा वर चढायलीय. तिच्याखाली घाल तुजं." मी घातलं. मोटर बंद केली. माय, ते खाली येईना! पाच मिनिटं, दहा मिनिटं, गोल गोल वर वर, मोटरीचा आवाज नाही, काही नाही. कुठल्या जमिनीवरून ऊन कसं उठतं, मेंढरं कधी माना खाली घालून एकमेकींच्या सावलीत डोकं घालतात, वावटळ कुठून सुटते, हे तू सांगत होतीस आणि मी विमान त्या त्या जागी नेत होते. तोंडावर पदर धरून तू हसत होतीस. हे आबांनी बघितलं नाही, म्हणून त्यांना वाटतं तुला आवडलं नव्हतं.

मग ती घार खाली यायला लागली. विमानाच्या मागं, अगदी शेपटीला लागून. तुझं हसणं थांबलं. "बास कर आता. उतरीव. तिला आवडलं न्हाई ते." मी म्हणाले, "काहीतरीच काय माय!" आणि तुला दाखवायचं म्हणून, नुसतं दाखवायचं म्हणून, मोटर पूर्ण जोरात सोडून विमान खाली झोकलं. पंखातली आधाराची नळी जुन्याच मोटरीच्या हिशोबाची होती, ती मी बदलली नव्हती. पंख थरथरायला लागले. खालून दिसत होतं ते थरथरणं. मी रिमोटच्या काड्या ओढतेय, विमान ऐकेना. ते नाकावर पडलं तो आवाज लहानसा होता, वाळकी शेंग फुटावी एवढाच. घार वर निघून गेली. तू म्हणालीस, "चल, उचल. ऊन लय झालंय."

घरी आल्यावर मी तुला पाणी उकळायला लावलं. चेपलेल्या फोमवर उकळतं पाणी ओतलं की तो परत फुगून पहिल्यासारखा होतो, हे तुला ठाऊक नव्हतं. चहाच्या भांड्यातून तू धार धरलीस आणि तुझ्या डोळ्यांदेखत ते चेंबटलेलं नाक उठलं. "बया! भाकरीवानी फुगलं की!" लहान पोरीसारखी खूश झालीस तू. परत परत ओतून बघितलंस. मग मी खाचेतून सेल काढला. एक कोपरा चेपला होता आणि मधे पोट आलं होतं. त्याला वास येत होता, नासायला लागलेल्या खरबुजासारखा गोडसर. तू तो तळहातावर घेतलास, अंगठ्यानं हळूच दाबून बघितलास आणि म्हणालीस, "ह्योबी फुगायलाय. व्हईल नीट." मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. फोम फुगतो ते वेगळं आणि सेल फुगतो ते वेगळं, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी नुसतं हं केलं आणि सेल कोनाड्यात ठेवला. उद्या ओढ्याची वाळू आणू आणि पुरू, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत बसून पंखात नवी नळी बसवत होते. गोंद लावला होता आणि तो धरेपर्यंत पंख दोन्ही हातांनी दाबून ठेवायचा होता. हात सोडला तर पंख वाकडा. तू कोनाडा झाडत होतीस. आपल्या घरी टॉर्चचे सेल मंद झाले की कोकरांच्या खोपटावरच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे, दुपारपर्यंत त्यांच्यात परत जीव यायचा. अख्खं गाव तेच करायचं. तू दारात आलीस. तुझ्या एका हातात टॉर्चचे दोन सेल, दुसऱ्या हातात माझा. "ह्यो लय गार पडलाय गं. टॉर्चच्या सेलासंगं उन्हात ठिवू का?" मी मान पण वर केली नाही. म्हणाले, "ठिव की माय, काय करायचं ते कर! डोकं नको खाऊ." आणि तू गेलीस. मी ऐकलंच नव्हतं असं पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगून बघितलं. पण ऐकलं होतं. सेल ऐकलं होतं, ऊन ऐकलं होतं. फक्त माझा पंख वाकडा होऊ नये एवढीच मला फिकीर होती.

खोपटात अकरा कोकरं होती, पंधरा-वीस दिवसांची. त्यांच्या आया आबांबरोबर माळावर. पत्रा तापू नये म्हणून तूच त्याच्यावर कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या होत्यास, त्यांच्या कडेला उघडा राहिलेला पत्रा म्हणजे सेल ठेवायची जागा. ऊन चढलं. कुत्रं आधी उठलं आणि खोपटाकडं बघून गुरगुरायला लागलं, मी त्याला हाड केलं. मग फुस्स असा आवाज आला. पांढरा धूर, आणि लगेच जाळ. वाळला कडबा तो, त्याला काय वेळ! तू चुलीपुढून उठून धावलीस ते मला अजून दिसतं. दाराला गुंडाळलेली तार तापली होती आणि तू ती उघड्या हातानं सोडवत होतीस. चार कोकरं बाहेर फेकलीस. पाचव्याला आत गेलीस आणि वरचा कडबा खाली आला. शेजारच्यांनी तुला ओढून काढलं. मी कुठं होते? मी हापशावर होते, एका हातानं दांडा मारत. दुसऱ्या हातात पंख तसाच होता, माय. तो मी खाली ठेवला नव्हता.

संध्याकाळी मेंढरं घरी आली. रोज येतात तशी, आपापल्या पिलाला हाका मारत, पान्हा फुटलेली. सात जणी राखेत तोंड घालून हुंगत फिरल्या. हुंगायच्या, ओरडायच्या, परत हुंगायच्या. तुझ्या हाताला कुणीतरी हळद-तेल लावलं होतं आणि तू भिंतीला टेकून बसली होतीस. आबांनी काठी टाकली. अंगणात दहा-पंधरा माणसं उभी. "कुणी ठिवलं ते वर?" तू म्हणालीस, "म्या ठिवलं. मला काय ठावं आग लागती म्हणून." "पोरीला तरी इचारायचं! तिचं हाय ना ते?" आणि तू म्हणालीस, "न्हाई इचारलं. ती कामात व्हती." माझ्याकडं बघितलं पण नाहीस. बघितलं असतंस तर मी बोलले असते, असं मी म्हणते. पण कशाचं काय! त्याच अंगणात चुलते उभे होते, आणि पोरीला नांदेडला ठेवून काय दिवे लावायचेत हे त्यांचं बोलणं मला पाठ होतं. तुलाही पाठ होतं. मी मूग गिळून दारात उभी राहिले, आणि जून लागल्यावर खोका घेऊन परत कॉलेजला गेले.

त्यानंतर आबांनी तुला कोकरांना हात लावू दिला नाही. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं म्हणाले, "तुज्या हाताला कोकरू नको आता," आणि उरलेली चार पिल्लं चुलत्यांच्या वाड्यात नेऊन बांधली. आई मेलेलं कोकरू मांडीवर घेऊन, बोटावरून दूध चाटवून वाढवणारी बाई तू. गावातली लोकं अडलेली मेंढी घेऊन तुझ्याकडं यायची, ती यायची थांबली. तुझी दोन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. मी सुट्टीला आले की तू पडवीत बसून चुलत्यांच्या वाड्यातला आवाज ऐकत असायचीस आणि म्हणायचीस, "ते भुरकं हाय ना, ते उपाशी हाय. आवाजावरनं कळतंय." कुणी जाऊन सांगायचं नाही. एकदाच, एस.टी. स्टँडवर, मी म्हणाले, "माय, मी आबांना सांगते." तू माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलंस. "शिक. जळल्यालं उकरू नको." मी तुझं ऐकलं. इतर कुठलंच कधी ऐकलं नव्हतं, तेवढं नेमकं ऐकलं. मला नोकरी लागली त्या वर्षी तुला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तू गेलीस.

आता मी परभणीत कॉलेजवर शिकवते. दरवर्षी पहिल्या वर्षाची पोरंपोरी वर्कशॉपमध्ये फोमची ग्लायडरं करतात आणि सेल हातात द्यायच्या आधी मी त्यांना एक गोष्ट सांगते. एका खेड्यात एक बाई होती, तिनं असला फुगलेला सेल टॉर्चचा समजून उन्हात ठेवला. पुढं काय झालं ते सांगते. कोकरांचा आकडाही सांगते. मग कुणीतरी मागून म्हणतं, "मॅडम, किती अडाणी बाई!" आणि मी फळ्याकडं वळून वायरींची आकृती काढायला लागते. इतकी वर्षं झाली, एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की त्या बाईनं विचारलं होतं, आणि जिला विचारलं तिला सगळं ठाऊक होतं.

आबा दोन वर्षांपासून माझ्याकडं आहेत. गुडघे गेलेत, मेंढरं केव्हाच विकली. परवा मी कॉलेजातनं भर दुपारी घरी आले. दार उघडलं आणि मला तो वास आला. गोडसर.  खिडकीच्या कठड्यावर, पडद्याला लागून, टीव्हीच्या रिमोटचे दोन सेल ओळीनं ठेवलेले, आणि त्यांच्या शेजारी माझा. रविवारी विमान पडून मार खाल्लेला, फुगलेला, मी गॅलरीत लोखंडी डब्यात वाळूत ठेवलेला. आबा खुर्चीत बसून डुलकी घेत होते, पडद्यापासून दोन हातांवर. मी ओरडले. फडक्यानं धरून तो गॅलरीत नेला, वाळूत दाबला, वर आणखी वाळू लोटली.  आबा दारापर्यंत आले. "येवढं वरडायला काय झालं? डब्यात वाळू कशाला भरलीय म्हणून बघितलं, तर ह्यो मऊ पडल्याला. म्हणलं, जरा ऊन दाखवावं." मी म्हणाले, "पेटला असता, आबा! घर पेटलं असतं!" ते म्हणाले, "आता! पहिल्यापून ठिवतो की आपण. तुज्या मायलाबी म्याच शिकवलं, ती नवी आली तवा."

म्हणाले, आणि थांबले. मला त्यांचा चेहरा बघवेना, पण मी बघितला. ते वाळूच्या डब्याकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, "असलाच व्हता का त्यो?" मी म्हणाले, "हो." ते भिंत धरून आत गेले, रिमोटचे दोन्ही सेल कठड्यावरून उचलले आणि मुठीत धरून बसले. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुजा सेल व्हता. ती तर तुला इचारल्याबिगर सुईसुदा उचलायची न्हाई. मला तवापून वाटायलंय. तिनं खरंच इचारलं न्हवतं का तुला?"

एवढं सरळ मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. आता कसलीच भीती नव्हती, माय. शिक्षण झालं, नोकरी झाली, चुलते गेले. समोर ऐंशीला टेकलेला एक म्हातारा आणि मी, दोघंच. मी म्हणाले, "न्हाई, आबा."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तसंच म्हणली व्हती ती. खोटं बोलायची सवय न्हवती तिला." मग सेल रिमोटमध्ये घातले आणि बातम्या लावल्या.

तो सेल अजून गॅलरीत वाळूखाली आहे. त्या दिवसापासून आबा मला काही विचारत नाहीत, आणि जेवताना ताटावरून मान वर करत नाहीत. हे मी कॉलेजात, वर्कशॉपच्या टेबलावर बसून लिहितेय. लिहून झालं की फाडणार आहे, घरी नेणार नाही. तुला अक्षर वाचता यायचं नाही, माय, आणि आबांना येतं. तुला लिहायला बसले ते त्याचसाठी.